उबेचं कपाट

आमच्या घरात अंडं कुणी खात नव्हतं. दारात कोंबड्या होत्या, खुराड्यात रोज अंडी सापडत होती, पण ती सगळी वेल्ह्याच्या बाजारासाठी. अंडं ताटात यायला एक तर ताप यावा लागे, नाहीतर घरात बाळंतीण असावी लागे. मी लहानपणी एकदा मुद्दाम उन्हात बसून अंग तापवलं होतं. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ह्यो उनाचा ताप हाय, अंड्याचा न्हाई."

वडील पुण्याला हमाली करायचे. मी सातवीत असताना त्यांची पाठ गेली. ते घरी आले आणि ओट्यावर बसले, ते बसूनच राहिले. भाताचं एक खाचर होतं, त्याच्यावर वर्षातले सहा महिने निघायचे. बाकी सगळं आईच्या कोंबड्यांवर. माझी वह्या-पुस्तकं, एसटीचा पास, भोरच्या कॉलेजची फी, सगळं त्या कोंबड्यांच्या पोटातून आलंय. हे मी कुणालाही तोंडावर सांगते. लाज वाटायची ती वेगळ्या गोष्टीची वाटते, आणि तीच इथं लिहायची आहे.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. त्या पावसाळ्यात आमच्या वाडीत कोंबड्यांवर रोग आला. माना वाकड्या करून एकेक पडत गेली. आईची एक तांबडी कोंबडी तेवढी वाचली. दसऱ्याच्या सुमाराला ती खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, पण तिच्याखाली ठेवायला घरात अंडी उरली नव्हती. आईनं खालच्या आळीतल्या एका बाईकडून तेरा अंडी अर्धलीनं आणली. अर्धलीनं म्हणजे अंडी त्यांची, कोंबडी आणि मेहनत आपली, पिल्लं निम्मी निम्मी. आमच्याकडं असं पूर्वीपासून चालतं. त्यात लिहून काही देत नाहीत. शब्द दिलेला असतो, आणि गावात आईच्या हातात उरलेलं तेवढंच होतं.

भोरला आमच्या मार्गदर्शक बाईंचं काम चाललं होतं ते जिवाणू दुभंगतो कसा यावर. सोपं करून सांगते. जिवाणू म्हणजे एक बारीक सळई समजा. ती वाढते, दुप्पट होते, मग तिच्या बरोबर मध्ये आतून एक कडं तयार होतं. बटव्याची नाडी ओढावी तसं ते कडं आवळत जातं आणि एकाचे दोन होतात. हे कडं ज्या प्रथिनाचं बनतं त्याचा एक जनुक असतो. बाईंकडच्या जिवाणूच्या वाणात त्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं. त्यामुळं तीस अंशाला कडं नीट बसायचं, पण उष्णता वाढली की प्रथिन ढिलं पडायचं आणि कडं बसायचंच नाही. जिवाणू वाढायचा, पण तुटायचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की शेवया पसरल्यासारखं दिसायचं. बराच वेळ तसंच राहिलं की ते मरायचे. बेचाळीस अंशाला तर काहीच उगवायचं नाही. हे वाण बाईंनी स्वतःच्या शिक्षणाच्या काळापासून जपलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला सुट्टीनंतर येणार होता. बाई गावाला निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या, "वाण आता आपल्याकडं एवढ्याच नळ्यांत आहे. एक दिवसाआड ताज्या नळीत घ्यायचं आणि उबेच्या कपाटात तीसला ठेवायचं. बटणाला हात लावायचा नाही." आणि चाचांना म्हणाल्या, "तुम्ही रोज सकाळी तापमान बघून वहीत लिहा."

चाचा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. भोरचेच, साठीला टेकलेले, कंत्राटावर होते. सगळं कॉलेज त्यांना चाचा म्हणायचं, बाईसुद्धा. दर दिवाळीत ते आपण होऊन ड्युटी घ्यायचे. "तुमी करा लाडू, मी बसतो किडं राखत," म्हणायचे. जिवाणूंना ते किडंच म्हणायचे. मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा काचेची नळी ज्योतीवर कशी धरायची ते मला पुस्तकानं नाही, चाचांनी शिकवलं.

सुट्टीत एक दिवस मी घरी गेले, त्या दिवसापुरतं चाचांवर सोपवून. दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे मुंगसानं तांबडी धरली. आई उठली तोवर पिसं उरली होती. अंडी मात्र शाबूत होती. आई ती पदरात घेऊन चुलीपुढं बसली होती. एकेक अंडं मुठीत धरून उजेडाकडं बघत होती.

"अठरा दिस झाल्यात," ती म्हणाली. "आत हालतंय बघ. तीन दिस ऱ्हायलं हुतं. आता गार झाली का सपलं."

"दुसऱ्या कुणाची खुडूक न्हाई का?"

"रोगानं कुणाची ऱ्हायलीया?" मग म्हणाली, "त्या बाईला काय तोंड दावू? ती म्हनंल हिनं खाल्ली."

मी म्हणाले, "आमच्या कॉलेजात उबेचं कपाट हाय."

"तुझ्या बाई रागं भरतील."

"बाई न्हाईत."

आईनं पाटीत भाताचं तूस भरलं, त्यात अंडी रोवली, वर जुनं लुगडं. कडेला कोळशाचा एक तुकडा आणि एक लोखंडी खिळा ठेवला. ढगांच्या गडगडाटानं आतलं पिल्लू दगावतं, लोखंड असलं की नाही, असं आमच्याकडं मानतात. मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, पण तो खिळा काढून ठेवायचं माझ्याही मनात आलं नाही.

वेल्ह्याहून एसटीनं नसरापूरच्या फाट्यावर, तिथून भोरच्या गाडीत. पाटी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "काय गं, अंडी? मग फुडं बस. मागं बसलीस तर भोर यायच्या आत आमलेट." गाडीतले सगळे हसले. मीही हसले. माझा एक हात पूर्ण वेळ लुगड्याखाली होता, ऊब बघत.

कॉलेजात पोचले तेव्हा चाचा प्रयोगशाळेतच होते. मी पाटी जिन्याखाली ठेवून आत गेले. ते खुशीत होते. कामथडीला त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता.

"तू आलीस ना? मग मी तीन दिस जाऊन येतो. म्हातारीबी लेकीपाशीच हाय."

"जावा चाचा, मी हाय की."

"वहीचं काय करायचं?"

"मी लिहिते."

"सही माझी लागती." त्यांनी वही ओढली, पुढच्या तीन दिवसांच्या तारखा घातल्या, तिन्हींपुढं तीस लिहिलं आणि तीन सह्या केल्या. "हे काय बराबर न्हाई," पेन खिशाला लावत म्हणाले, "पन तू हाईस म्हनून."

मला आनंद झाला. मी त्यांचं अभिनंदन केलं, पेढे आणा म्हणाले. पण तो आनंद त्यांच्या नातवाचा नव्हता, कपाट रिकामं मिळाल्याचा होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. खालच्या फळीवर पाटी ठेवली, कडेला वाटीभर पाणी. वरच्या फळीवर बाईंच्या वाणाच्या नळ्या होत्या. त्या दिवशी वाण ताज्या नळ्यांत घ्यायचं होतं, ते घेतलं. नळ्या बाहेर टेबलावर ठेवल्या असत्या तरी चाललं असतं, खोलीत बऱ्यापैकी ऊब होती. हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो झटकला. कोंबड्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला एकच पक्कं माहीत असतं की मारतो तो गारवा. ऊब जास्त झाली म्हणून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलंच नव्हतं. शिवाय बाई बेचाळीस म्हणाल्या होत्या. अडतीस म्हणजे चार अंश खाली. मी बटण अडतीसवर नेलं. हे गणित मी आजही कुणाला सांगते तेव्हा मला ऐकवत नाही, कारण सतरा परीक्षा पास होऊन मी ते केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला चीर गेली. संध्याकाळपर्यंत अकरा निघाली, दोन नाही निघाली. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत अकरा पिल्लं चिवचिवत होती आणि मी त्यांच्यापुढं तांदळाची कणी टाकत होते. सकाळी बटण परत तीसवर आणलं, कपाट पुसलं, पिल्लं घेऊन पहिली एसटी धरली. आईनं मोजली, सहा त्या बाईकडं पाठवली, पाच ठेवली. "एक जादा दिलं," ती म्हणाली, "उगं बोलाय नको कुनी." आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. एवढ्या वर्षांच्या शिक्षणाचा घरात झालेला तो पहिला उपयोग होता.

सुट्टी संपली. बाई आल्या, वाण तपासायला घेतलं. नेहमीसारखी जिवाणू पसरलेली एक ताटली तीसला, एक शेजारच्या विभागातल्या, सुट्टीत कुलपात असलेल्या कपाटात बेचाळीसला. बेचाळीसची ताटली मोकळी राहायला हवी. दुसऱ्या दिवशी ती ठिपक्यांनी भरलेली होती.

बाईंनी ताटली उजेडाकडं धरली. "हे आपलं वाण नाही राहिलं," म्हणाल्या. "कुठंतरी तापलंय. जे दुभंगू शकत नव्हते ते मेले. एखाद्यात आपोआप बदल झाला असेल, तो वाचला, त्याचीच पैदास नळीभर झाली." मग त्या उठून कपाटापाशी गेल्या. दारावर तापमापक होता, त्याला दोन काटे. काळा आत्ताचं तापमान दाखवायचा. लाल काटा मधल्या काळात सगळ्यात जास्त किती झालं तिथं अडकून राहायचा, हातानं मागं आणेपर्यंत. तो कशासाठी आहे हे मी दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. लाल काटा एकोणचाळीसवर होता.

बाईंनी वही मागवली. तीस, तीस, तीस. खाली चाचांच्या सह्या.

"चाचा, तुम्ही बघून लिहिलंय का हे?"

चाचांनी वहीकडं बघितलं. मग माझ्याकडं. फार नाही, गाडी गेली का बघावं इतकंच. "न्हाई बाई," ते म्हणाले. "न बघता लिहिलं. मी हितं नव्हतो."

मी तिथंच होते, चाचांपासून दोन हातांवर, काचपट्ट्या धूत. मी नळ बंद केला नाही.

त्या वेळी बोलले असते तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा केलाय. प्रकल्प गेला असता, वर्ष गेलं असतं, कदाचित कॉलेजही. आईनं पुन्हा एक वर्ष काढलं असतं, पाच पिल्लांवर. ही कारणं खरी आहेत. पण नळाचं पाणी चालू असताना मी त्यातलं एकही आठवलं नव्हतं. मला फक्त माझं नाव निघू नये असं वाटत होतं.

कॉलेजनं चाचांना लेखी विचारलं. त्यांनी लेखी कबूल केलं. कंत्राट महिन्यानं संपत होतं, ते पुढं वाढलं नाही. कागदावर 'हलगर्जीपणा' असा शब्द आला. तो महिनाभर मी रोज दुपारी त्यांना कॅन्टीनमधून चहा आणून दिला. ते प्यायचे, कप उलटा करून ठेवायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी चाव्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि मला म्हणाले, "बर्नरची नळी बदलून घे, चिरली हाय."

आणि मग अशी गोष्ट झाली की तिच्यामुळं सगळं आणखी अवघड झालं. बाई त्या बिघडलेल्या नळ्या टाकून देणार होत्या. टाकण्याआधी प्रत्येक नळीतला एकेक नमुना बघून घे म्हणाल्या. मी बघत गेले. बहुतेक सगळे साधे जिवाणू झाले होते, बदललेलं अक्षर परत मूळचं झालं असावं. एका नळीतले वेगळे दिसले. काही सळया जरा लांबट, आणि काहींच्या टोकाला बारीक गोल कण सुटलेले, वाटाण्यासारखे, आत काहीच नसलेले. मी बाईंना हाक मारली. त्यांनी डोळा लावला आणि किती तरी वेळ काढला नाही.

"ह्यात जुनी चूक तशीच असणार," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच कुठल्या तरी जनुकात बदल झालाय. त्यानं हिला सांभाळून घेतलंय."

तेच माझं काम झालं. पुढचे चार महिने मी त्या एका नळीवर काढले. पुण्याहून जनुकांची अक्षरं वाचून आणली. बाई बरोबर निघाल्या. कड्याच्या जनुकातली चूक जशीच्या तशी होती. बदल होता तो दुसऱ्या एका जनुकात. त्याचं काम भलत्या जागी कडं बसू न देणं, म्हणजे अडवणाऱ्याचं. तो अडवणाराच कामातून गेला होता, म्हणून ढिलं कडंसुद्धा उष्णतेत टिकत होतं. आणि कुणी अडवायलाच नाही म्हणून कधी कधी ते टोकाला बसून रिकामे कण तोडत होतं. आमच्या कॉलेजात असं काम आधी झालं नव्हतं. बाई सगळ्यांना मला बोलवून दाखवायच्या. मी समजावून सांगायचे, छान सांगायचे, आणि सांगताना ज्या खुर्चीवर चाचा बसायचे तिकडं बघायचे नाही.

प्रबंध लिहायला घेतला. हे वाण कसं मिळालं, ते लिहिणं भाग होतं. मी लिहिलं: सुट्टीच्या काळात परिचराच्या दुर्लक्षामुळं कपाटाचं तापमान वाढलं. बाईंनी वाचून पुढं बरोबरची खूण केली. ते पान मी पिशवीत घातलं आणि खोलीवर गेले. चाचांनी जे केलं ते माझ्या शब्दावर केलं होतं, आणि आता ते छापून, बांधून, कॉलेजच्या कपाटात कायमचं ठेवायला मीच निघाले होते.

दुसऱ्या दिवशी किकवीची गाडी धरली. चाचा तिथल्या दूध संकलन केंद्रावर लागलेत असं कळलं होतं. ते कॅनमध्ये काचेचा तापमापक बुडवून उभे होते. मला बघून म्हणाले, "थांब, हे एवढं बघून होऊ दे." आकडा वाचला, वहीत लिहिला. मग पायरीवर येऊन बसले.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "किती पिल्लं निघाली?"

मी खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली.

"कपाट पुसताना खिळा घावला फळीच्या मागं. कोळसाबी. आमची आईबी ठेवायची. म्हनलं, ही पोरगी कपाटात कोंबडी घिऊन बसली हुती का काय."

"अकरा," मी म्हणाले.

"तेरा हुती?"

"तेरा."

"चांगली निघाली."

"चाचा, तुमी सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? सह्या माझ्या. मी कामथडीला. तुझं नाव घेतलं असतं तर दोघंबी गेलो असतो." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "पन राग आला हुता. लई आला हुता. तू चहा आनायचीस ना, तो पिताना रोज म्हनायचो, आज बोलंल. महिनाभर वाट बघितली. मग म्हनलं, जाऊ दे, चहा तरी पिऊ."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "हितं रडू नगंस, दुधाच्या बाया बघत्यात. मला वाटंल ते इचारतील." मग म्हणाले, "रडून काय हुतंय. सांगायचं आसंल तर जिथं सांगायचं तिथं सांग. मला कशाला सांगतीस, मला म्हाईतच हाय."

मी खिळा मागितला. ते म्हणाले, तो केव्हाच कुठं तरी पडला.

बाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, दार लावून, उभ्यानं. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "कोंबडीची अंडी?"

"हो."

"आत पाणी ठेवलं होतंस?"

"वाटीभर."

"म्हणून त्या नळ्यांचे कापसाचे बोळे ओलसर लागले होते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "मी त्या माणसाला चार लोकांसमोर विचारलं. तू तिथं होतीस." त्या माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलल्या. पण त्याच दिवशी मला घेऊन प्राचार्यांकडं गेल्या, आणि मी सगळं पुन्हा एकदा, या वेळी लेखी दिलं. माझा प्रकल्प काढून घ्यावा का यावर बैठक झाली. काढला नाही, पण त्या वर्षी ज्या बक्षिसासाठी बाईंनी माझं नाव दिलं होतं ते त्यांनी स्वतः मागं घेतलं. मला ते योग्य वाटलं.

चाचांची जागा तोपर्यंत भरली होती. ती त्यांना परत मिळाली नाही. हलगर्जीपणाचा शेरा काढल्याचं पत्र तेवढं कॉलेजनं दिलं. ते मी स्वतः किकवीला नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, घडी घातली, आणि दुधाच्या वहीत ठेवलं.

मी त्या वर्षी पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले. आमच्या वाडीत त्याआधी बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. माझा प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं आहे की कपाटाचं तापमान मी वाढवलं, कुणालाही न विचारता, गावरान कोंबडीची तेरा अंडी उबवण्यासाठी, आणि त्यातून अकरा पिल्लं निघाली.